विंगेतली मराठी

मराठी नाटकाची वर्तमानपत्रातली जाहिरात पाहा. नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा, दिग्दर्शक, सूत्रधार अशी संस्कृत शब्दांची रांग लागलेली असते. त्याच दिवशी दुपारी त्याच नाटकाच्या रंगमंचावर जाऊन उभे राहिले, तर कानावर पडते ते असे : "सेट लागला का? हा फ्लॅट जरा आत घे, विंगेतलं सगळं दिसतंय. मधला बार खाली सोड. झालर एका बाजूनं लोंबतेय. प्रॉपर्टीची पेटी कुठाय?" बोलणारा आणि ऐकणारा दोघेही घरी मराठीच बोलतात. पण नाटकाच्या पाटीवरची भाषा एक आणि पाटीमागे काम चालते ती दुसरी.

या दोन भाषांच्या मध्ये तिसरी एक आहे. झालर, रंगीत तालीम, रंगपट, पिवडी, राळ हे शब्द नाट्यशास्त्राच्या पोथीतून उतरलेले नाहीत आणि साहेबाकडून घेतलेलेही नाहीत. नाटक मंडळ्या गावोगाव बिऱ्हाड घेऊन फिरत होत्या, त्या बिऱ्हाडांत ते घडले किंवा रुळले. रंगमंचाच्या परिभाषेचा आढावा घ्यायचा तर या तिन्ही थरांतून जावे लागते. एरवी हा विषय निघाला की 'इंग्रजी शब्द फार झाले' इथे बोलणे सुरू होते आणि तिथेच संपते. ही तक्रार मला अपुरी वाटते. शब्द कोणाच्या तोंडी आहे आणि तो कोणते काम करतो, हे पाहिले की चित्र बरेच वेगळे दिसू लागते.

संस्कृत थरापासून सुरुवात करू. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे तीन आकार सांगितले आहेत : विकृष्ट म्हणजे लांबट, चतुरस्र म्हणजे चौरस आणि त्र्यस्र म्हणजे तिकोनी. त्यांतले मधल्या मापाचे विकृष्ट नाट्यगृह, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, माणसांसाठी योग्य ठरवले आहे. हात दीड फुटाचा धरला तर हे सुमारे ९६ फूट बाय ४८ फूट भरते. याहून मोठे बांधल्यास शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे कारणही तिथेच दिले आहे. मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसून ज्याने नाटक पाहिले आहे, त्याला ते वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. या लांबीचा निम्मा भाग प्रेक्षकांचा. उरलेल्या निम्म्यात पुढे रंगपीठ, त्यामागे रंगशीर्ष आणि सगळ्यांत मागे नेपथ्यगृह. नेपथ्यगृहातून रंगावर यायला दोन दारे. दोन्ही अंगांना मत्तवारणी. ती नेमकी कशी असे यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही.

यांतले रंगपीठ, रंगशीर्ष, मत्तवारणी हे शब्द आज परीक्षेच्या पुस्तकात उरले आहेत. नेपथ्य मात्र जिवंत राहिले, आणि त्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाचा वेश, साजशृंगार. आणि तो साज जिथे चढतो ती पडद्यामागची जागा. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी सूचना आली की ओळखायचे, आता आतून आवाज येणार आहे, पात्र अजून दिसायचे आहे. शाकुंतलाच्या आरंभी सूत्रधार नेपथ्याकडे पाहून नटीला हाक मारतो आणि साज आटोपला असेल तर बाहेर ये म्हणतो. तिथे नेपथ्य या एका शब्दात वेशभूषा, रंगभूषा आणि रंगपट हे तिन्ही सामावले आहे.

आजच्या मराठीत नेपथ्य म्हणजे सेट. दिवाणखान्याच्या भिंती, खिडकी, जिना, झोपाळा. जे प्रेक्षकाला दिसू नये असे ठिकाण होते, त्याचा शब्द पडदा उघडताक्षणी सगळ्यांत आधी दिसणाऱ्या गोष्टीला मिळाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीचे शब्द म्हणून जी यादी सांगितली जाते तिच्यात दिग्दर्शक, वेशभूषा, मध्यंतर, चित्रपट यांच्या शेजारी नेपथ्यही असते. शब्द जुनाच, त्याला नवे काम दिले गेले. हा बदल मला चूक वाटत नाही. मराठीने तो मनापासून स्वीकारला आणि पु. श्री. काळे, दामू केंकरे, रघुवीर तळाशिलकर, बाबा पार्सेकर, मोहन वाघ, प्रदीप मुळ्ये अशा कलावंतांनी त्याला मोठा अर्थ दिला. फक्त त्यामुळे एक जागा रिकामी पडली. नट प्रवेशाआधी उभा असतो, कान रंगमंचाकडे लावून आपल्या वाक्याची वाट पाहतो, त्या जागेला पूर्वी नेपथ्य म्हणता आले असते. तो शब्द सेटकडे गेल्यावर ती जागा 'विंग'ने घेतली. विंग हा शब्द मराठीत इतका पक्का बसण्यामागे इंग्रजीचे वेड शोधण्याचे कारण नाही. तिथे दुसरा शब्द मोकळा नव्हता.

सूत्रधाराचे असेच झाले. नाट्यशास्त्रातला सूत्रधार नाटक उभे करणारा, सगळ्या कलांचा जाणकार. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केले तेव्हा सूत्रधार जवळजवळ नाटकभर रंगमंचावर असे. तो पदे गात कथा पुढे नेई आणि पात्रे आपापल्या प्रसंगी बोलत. भावे स्वतः लाकडी बाहुल्या घडवणारे कलावंत होते, त्यामुळे सूत्र हातात धरणाऱ्याचा अर्थ त्यांच्या बाबतीत फार जवळचा आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलात पात्रे स्वतः गाऊ लागली आणि सूत्रधाराचे काम नांदी व प्रस्तावनेपुरते उरले. पुढे वास्तववादी नाटकाने त्याला रजाच दिली. आणि आज? व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत सूत्रधार म्हणून ज्याचे नाव छापतात तो प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. नाट्यगृहाच्या तारखा मिळवणे, दौरा ठरवणे, कलाकारांच्या वेळा जुळवणे, बस वेळेवर सोडणे ही त्याची कामे. रंगमंचावरून उतरून हा शब्द कचेरीत आणि बसमध्ये गेला आहे, पण सूत्रे अजून त्याच्याच हातात आहेत. असा जिवंत अर्थबदल कोणत्याही समितीला ठरवून करता आला नसता.

तिसरा शब्द प्रयोग. नाटकाच्या खेळाला आपण प्रयोग म्हणतो. शंभरावा प्रयोग, आजचा प्रयोग रद्द, प्रयोग रंगला. हा अर्थ संस्कृतातून थेट आलेला आहे. पुढे विज्ञानातल्या प्रयोगाचा अर्थ प्रबळ झाला आणि नव्या वाटेच्या नाटकांना प्रायोगिक म्हणू लागले. आता 'प्रायोगिक नाटकाचा प्रयोग' असे आपण सहज म्हणून जातो आणि एकाच वाक्यात तो शब्द दोन अर्थांनी येतो. नटाने पाचशेव्या वेळीही नाटक नव्याने करून पाहायचे असते, ही समज या शब्दात आहे. 'शो' म्हटले की ती जाते. म्हणून तालमीच्या जागी रिहर्सल ऐकले तर मला फारसे वाटत नाही, पण प्रयोगाच्या जागी शो ऐकले की वाईट वाटते.

आता मधल्या थराकडे, कंपन्यांच्या काळाकडे. इथे सगळ्यांत मोठा शब्द पडदा. संस्कृतात पटी होती, यवनिका होती. यवनिकेवरून यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, संबंध जोडला गेला, पण प्राचीन ग्रीक रंगभूमीवर असा दर्शनी पडदाच नव्हता आणि जवनिका असाही पाठ मिळतो, तेव्हा तो तर्क फार ताणू नये. मराठी नाटकाने शब्द घेतला तो फारसीतून आलेला पडदा. भाव्यांच्या नाटकाला प्रेरणा मिळाली ती कानडी मुलखातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांतून, आणि त्या यक्षगान परंपरेत दोन माणसे हातात पडदा धरून उभी राहतात; पात्र त्यामागून हळूहळू प्रकट होते. १८५३ साली भाव्यांची मंडळी मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पोचली. तिथे कमान होती, विंगा होत्या, वरून सुटणारा पडदा होता. पारशी मंडळ्यांच्या नाटकांनी त्यात चित्रांची श्रीमंती आणली आणि मराठी कंपन्यांच्या सामानात राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा, बागेचा पडदा अशा गुंडाळ्या जमू लागल्या. नाटक कोणतेही असो, राजवाडा तोच. हे पडदे रंगवणे ही मोठी कला होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे दोघे नाटकांचे पडदे रंगवूनच नावारूपाला आले. बाबूरावांनी पुढे कॅमेरा तयार करून सैरंध्री काढला, पण जगाने त्यांना ओळखले ते बाबूराव पेंटर म्हणूनच.

त्या गुंडाळीच्या पडद्याने मराठीला दोन क्रियापदे दिली. पडदा 'वर जातो' आणि पडदा 'पडतो'. आज बहुतेक नाट्यगृहांत दर्शनी पडदा मखमली असतो, मधोमध फाकतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. तरी नाटककार पहिल्या अंकाच्या आरंभी 'पडदा वर जातो तेव्हा' असेच लिहितात आणि अंकाच्या शेवटी पडदा पडतोच. दोर ओढणारी माणसे गेली, गुंडाळ्या गेल्या, क्रियापदे राहिली. नाटकाबाहेर एखाद्या प्रकरणावर पडदा पडतो, कोणी पडद्याआडून सूत्रे हलवतो, कोणाचा रंग उतरतो, कशाची नांदी होते, कशाचे भरतवाक्य होते. इतके शब्द रंगमंचावरून उतरून संसारात गेले, यावरून त्या काळच्या मराठी माणसाच्या आयुष्यात नाटकाची जागा किती होती हे कळते.

प्रकाशाचे शब्द मात्र जवळजवळ सगळे विझले. भाव्यांच्या धाटणीच्या पौराणिक खेळांत मशाली आणि हिलाल असत. राक्षस यायचा तो आरोळी ठोकत, आणि त्याच्या पुढे मशालीवर राळेची पूड उडवून भडका करायचा. 'राळ उडवणे' हा वाक्प्रचार तिथला. त्या राक्षसाच्या आरोळीवरून अशा नाटकांना अललडुर्र नाटके म्हणत, मृदंगाच्या बोलांवरून तागडथोम नाटके म्हणत. नवशिक्षितांनी ही नावे हिणवण्यासाठी वापरली, पण मला त्यांत त्या खेळाचा आवाजच नोंदवलेला दिसतो. ध्वनिमुद्रण नसलेल्या काळातले नाटक कसे ऐकू येत असेल, याचा तेवढाच एक पुरावा आपल्या कानांपर्यंत पोचतो.

रंगभूषेचे शब्द त्या मानाने टिकले, कारण तिथे हात बदलले तरी काम बदलले नाही. नट ज्या खोलीत रंगतात तो रंगपट. रंगणे म्हणजे तोंडाला रंग लावून घेणे. 'अजून मी रंगायचाय' असे वाक्य रंगपटात ऐकू येते. सफेता, पिवडी, मुर्दाडशिंग, काजळ ही जुनी सामग्री गेली. ग्रीस पेंट, पॅनकेक, मिशीसाठी क्रेप आणि ती चिकटवायला स्पिरिट गम आला. पण वेश करून, रंग लावून, सेट आणि प्रकाशासह होणारी शेवटची तालीम अजून 'रंगीत तालीम'च आहे. मराठी रंगभूमीने घडवलेल्या शब्दांत मला हा सर्वांत देखणा वाटतो. रंग म्हणजे चेहऱ्याचा रंग, रंग म्हणजे रंगभूमी, आणि रंगणे म्हणजे जमून येणे. तिन्ही अर्थ एका विशेषणात आले आणि ते समजायला शब्दकोश लागत नाही.

पिट हा शब्द इंग्रजी खरा, पण तो याच काळातला आणि त्याचे अर्थ दोन. रंगमंचासमोरच्या खालच्या जागेत ऑर्गन, सारंगी, तबला घेऊन साथीदार बसत ते पिट. आणि स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक तोही पिटातला. संगीत नाटकातल्या पदाला वन्स मोअर मिळे आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या कंपन्यांनी मुंबईत संयुक्त मानापमान केले, त्या रात्रीचे वर्णन लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले. वन्स मोअर हा शब्द त्या काळातल्या आजीबाईंच्या तोंडीही असे. त्याला परका कसे म्हणायचे?

तिसरा थर इंग्रजीचा, आणि तो एकदम आला नाही. एक मोठी लाट १९३३ साली आली. नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा केले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी तीन भिंतींची खरी वाटणारी खोली उभी राहिली, दारे उघडू-मिटू लागली, स्त्रीची भूमिका स्त्रीने केली. खोली उभी करायची तर लाकडी चौकटीवर कापड ताणलेले तुकडे हवेत; ते फ्लॅट. ते एकमेकांना दोरीने बांधायचे, मागून टेकू द्यायचा. बॉक्स सेट, फ्लॅट, लेव्हल, प्रॉपर्टी हे शब्द त्या वस्तूंबरोबरच आले. मराठीने आपल्या बाजूने 'दिवाणखान्याचा सेट' आणि 'दिवाणखानी नाटक' हे शब्द घडवले. रंगायन, आविष्कार, थिएटर अकॅडमी अशा संस्था आणि नाट्यप्रशिक्षणाचे वर्ग यांच्यातून दुसरी लाट आली : ब्लॉकिंग, कंपोझिशन, क्यू, फेड, ब्लॅकआऊट, आणि मागच्या पांढऱ्या पडद्याला सायक्लोरामा, ज्याचे विंगेत सायक झाले.

रंगमंचाच्या दिशांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण नवख्याचा पहिला गोंधळ तिथेच होतो. रंगमंचाचे नऊ भाग कल्पिलेले असतात. प्रेक्षकांकडची बाजू डाऊन, मागच्या भिंतीकडची अप, मधली सेंटर, आणि या तिन्ही पट्ट्यांची डावी, मधली, उजवी अशी विभागणी. अप म्हणजे वर आणि डाऊन म्हणजे खाली का, तर युरोपातले जुने रंगमंच मागे उंच आणि पुढे उतरते असत. मागे जाणारा नट खरोखर चढून जाई. आपल्याकडचा रंगमंच सपाट, तरी मराठी दिग्दर्शक 'जरा खाली ये' म्हणतो आणि नट प्रेक्षकांकडे चार पावले येतो. इंग्रजी शब्दाचा मराठी झाला आणि तो उतारही न कळत त्याच्याबरोबर आला.

डावे-उजवे हा खरा कठीण भाग. रूढ नियमाप्रमाणे ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचे डावे-उजवे. पण दिग्दर्शक तालमीत प्रेक्षकांच्या जागी बसलेला असतो, प्रकाशाची माणसे प्रेक्षागृहाच्या मागून रंगमंच पाहतात. महाविद्यालयात असताना एका स्पर्धेसाठी मी सेट लावणाऱ्यांत होतो. दिग्दर्शकाने दार उजवीकडे सांगितले. मी प्रेक्षकाच्या खुर्चीतून पाहिलेले उजवे धरले. पहिली घंटा व्हायच्या थोडे आधी नट आला आणि म्हणाला, "माझी एंट्री भिंतीतून आहे का?" फ्लॅट सोडून, फिरवून पुन्हा बांधेपर्यंत घाम फुटला. तिथल्या नाट्यगृहातले एक वयस्कर कामगार मदतीला धावले. त्यांनी मला सांगितले ते असे : "डावं-उजवं म्हणायचंच नाही बाळा. ही रंगपटाची बाजू, ती रस्त्याची बाजू." चार भिंतींत उभे असलेल्या कोणालाही, कुठेही तोंड असले तरी, हे कळते. पुस्तकातल्या नऊ भागांपेक्षा ही परिभाषा त्या दिवशी मला जास्त उपयोगी पडली. ती त्या एका नाट्यगृहापुरतीच चालते, हे तिचे वैगुण्य. पण त्या नाट्यगृहात तिच्याइतकी नेमकी दुसरी नाही.

हे इंग्रजी शब्द मराठीने कसे पचवले, ते व्याकरणात पाहावे. विंग स्त्रीलिंगी झाली. तिची विंगा, विंगेत, विंगेतून अशी सगळी रूपे चालतात. सेट कारखान्यात 'बांधतात' आणि नाट्यगृहात 'लावतात'. ही दोन क्रियापदे दोन वेगळी कामे सांगतात, आणि दुसरे तर स्वयंपाकघरातून आलेले, आपण मांडणीवर भांडी लावतो तसे. नटाला दिव्याच्या झोतात नीट उभे राहायला सांगायचे तर 'लाईट घे'. एकाने दुसऱ्याला प्रेक्षकांपासून झाकले तर 'तू तिला मास्क करतोयस'. वाक्य अडखळले तर फंबल, आणि तो 'मारला' जातो. लेखकाने न लिहिलेले वाक्य नटाने जागच्या जागी घातले तर ती ॲडिशन, ती 'घेतली' जाते. भूमिकेचा धरलेला सूर आणि ढब म्हणजे बेअरिंग. ते पकडायचे असते, सुटता कामा नये. नटाला एका प्रयोगाचे जे मानधन मिळते ती त्याची 'नाईट', मग प्रयोग सकाळी अकराचा का असेना. बेअरिंग आणि नाईट यांचे हे अर्थ इंग्रजाला सांगूनही लगेच उमगायचे नाहीत. हे शब्द इंग्रजीत जन्मले, वाढले मात्र मराठी रंगभूमीवर. त्यांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द घडवण्याचा उद्योग कोणी करू नये असे मला ठामपणे वाटते. घडवले तरी विंगेत ते कोणी म्हणणार नाही, आणि जो शब्द अंधारात, घाईत, कुजबुजत म्हणता येत नाही तो रंगमंचाचा शब्द नव्हे.

याउलट जिथे मराठी शब्द स्वतःच्या पायावर उभा आहे तिथे तो सोडू नये. फिरता रंगमंच हे त्याचे उत्तम उदाहरण. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत आचार्य अत्रे यांच्या तो मी नव्हेच या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. न्यायालय आणि लखोबा लोखंडेच्या निरनिराळ्या सोंगांची ठिकाणे यांच्यात नाटक सतत ये-जा करते, म्हणून फिरता रंगमंच वापरला, आणि प्रभाकर पणशीकरांनी तो नाटकाबरोबर गावोगाव नेला. खेड्यातल्या प्रेक्षकानेही 'फिरता रंगमंच' हाच शब्द उचलला. वस्तू लोकांसमोर आली तेव्हाच नाव मराठीत आले, म्हणून ते टिकले. तालीम, अंक, प्रवेश, घंटा हेही असेच. पहिली घंटा झाली की नट रंग आवरतो, दुसरीला विंगेत येतो, तिसरीला प्रेक्षागृहातले दिवे जातात. या तिसऱ्या घंटेला 'फायनल बेल' म्हणणारा रंगकर्मी मला अजून भेटलेला नाही.

कमानीच्या रंगमंचाबाहेरची परिभाषा या सगळ्याहून निराळी, आणि तिच्याविषयी लिहिताना आपण शहरातले लोक फार कंजूष असतो. तमाशाच्या फडात कलावंत 'बोर्डावर' उभी राहते; मागे कनात, पलीकडे राहुट्या. नाटकातल्या प्रवेशाला इंग्रजीत जो सीन म्हणतात त्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या तंबूच्या शब्दात आहे, हे कळल्यावर मला पहिल्यांदा आठवल्या त्या फडाच्या राहुट्याच. कोकणातल्या दशावतारात एक लाकडी बाकडे असते. राजा बसला की ते सिंहासन. सेट, लेव्हल, प्रॉपर्टी, सगळे त्या एका बाकड्यात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात भाताची कापणी उरकली की झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात, देसाईगंज-वडसा हे त्यांचे केंद्र, आणि तिथे रंगवलेल्या पडद्यांची परंपरा मुंबई-पुण्याने सोडल्यावरही जपली गेली. कंपनीकाळातले हरवलेले शब्द शोधायचे तर तिकडे जायला हवे.

प्रायोगिक रंगभूमीने शब्दांचे अर्थ उलगडून पाहिले. १९७२ साली घाशीराम कोतवाल आले तेव्हा डॉ. जब्बार पटेलांनी रांगेत उभ्या ब्राह्मणांची भिंत केली. ती हलते, फुटते, वळते. तीच पडदा, तीच विंग, तीच पुण्याची वस्ती. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आविष्कारने नाटके सुरू केली. तिथे कमान नव्हती, मखमली पडदा नव्हता, प्रेक्षक हाताच्या अंतरावर. तेव्हापासून समीक्षेत 'अवकाश' हा शब्द फार येऊ लागला. तो कधीकधी उगाच वापरला जातो, पण गरजेतून आला होता हे मान्य करायला हवे. रंगमंच नसलेल्या जागेत नाटक उभे राहू लागले की रंगमंच हा शब्द अपुरा पडतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले आणि १९१५ पासून उभे असलेले हे नाट्यगृह केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री गेले. ते पुन्हा बांधण्याचे काम हाती घेतले गेले, आणि भिंती, छप्पर, खुर्च्या पुन्हा होतील. पण जुन्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक दोराला, प्रत्येक दाराला तिथे राबणाऱ्यांनी दिलेले नाव असते. ते कोणत्याही नकाशात नसते. रंगपटाची बाजू आणि रस्त्याची बाजू सांगणाऱ्या त्या कामगारांचे नाव मी तेव्हा विचारले नाही, आणि त्यांच्याकडे आणखी किती शब्द होते हेही नाही.

म्हणून नाट्यसंस्थांना, नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांना आणि नाट्यशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रतिशब्दांच्या बैठका थोड्या पुढे ढकला. प्रत्येक नाट्यगृहात एक वही ठेवा. सेट लावणारे, दिवे सांभाळणारे, इस्त्री करणारे, रंग लावणारे, पडदा ओढणारे जे शब्द बोलतात ते त्यांच्याच उच्चारात, सांगणाऱ्याच्या नावासह त्या वहीत उतरवा. आणि वाचकहो, तुमच्या घरात किंवा शेजारी नाटक कंपनीत, फडात, दशावतारात उभे राहिलेले कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा : "तुम्ही उभे राहायचा त्या जागेला काय म्हणायचे?"